अर्जातील एक रकाना

न्यूयॉर्कमधील एखाद्या गुंतवणूक बँकेकडे नोकरीसाठी अर्ज करावयाचा झाल्यास नाव, विद्यापीठ, गुणांची सरासरी इत्यादी तपशिलाबरोबरच एका प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यावे लागते. या देशात काम करण्यासाठी आज अथवा पुढे केव्हाही आपणांस मालकाने पुरस्कृत केलेल्या व्हिसाची गरज भासेल काय, हा तो प्रश्न. ‘होय’ म्हणणाऱ्याचा अर्ज अनेक लहानमोठ्या संस्थांत तेथेच बाजूला पडतो. त्याने ताळेबंद कितीही उत्तम वाचला तरी तो वाचून दाखविण्याची संधी त्याला मिळत नाही. अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने यात काहीही गैर नाही. नागरिकत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई करणारे तेथील कलम नागरिक, कायम रहिवासी आणि आश्रय मिळालेले निर्वासित यांना संरक्षण देते. विद्यार्थी-व्हिसावर आलेला तरुण त्याच्या कक्षेत बसत नाही.

समाजवादी पक्षाच्या मुखपत्राने या विषयाकडे वळावे याचे काही सहकाऱ्यांना नवल वाटेल. वॉल स्ट्रीटच्या दारात उभा राहणारा तरुण भांडवलशाहीची चाकरी मागावयास गेला आहे. दार बंद झाले तर त्याचे अश्रू आपण का पुसावेत, असा त्यांचा सवाल असतो. सवाल चटपटीत आहे, परंतु वस्तुस्थिती त्याहून गुंतागुंतीची आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि संख्येच्या दृष्टीने त्या वर्षी भारताने चीनलाही मागे टाकले. ही सर्व धनिकांची मुले नव्हेत. त्यांत सातारा, नाशिक, अमरावती येथील शिक्षकांची, बँक कर्मचाऱ्यांची, मध्यम बागाइतदारांची मुले आहेत. नामांकित विद्यापीठातील वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क आणि तेथील राहणी मिळून खर्च एक लाख डॉलरच्या घरात जातो. साडेसात लाख रुपयांहून मोठ्या शैक्षणिक कर्जाला आपल्या सरकारी बँका साधारणतः स्थावर तारण मागतात. म्हणजे वडिलांचे घर गहाण पडते. शिक्षण संपल्यावर वर्षभराच्या आत-बाहेर हप्ते सुरू होतात. शुल्क डॉलरमध्ये भरावयाचे आणि परत यावे लागल्यास ते रुपयांतील पगारातून फेडावयाचे! २०११ च्या प्रारंभी डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या पलीकडे गेला. एवढ्या मोठ्या कर्जाचा हप्ता फेडता येईल असे प्रारंभीचे वेतन देणारे व्यवसाय बोटांवर मोजण्याइतकेच आहेत आणि गुंतवणूक बँक हा त्यांतील एक. तेव्हा या तरुणाला तेथे लोभाने नेले की कर्जाने, याचा निवाडा इतक्या सहजपणे करता येणार नाही.

आता निवडीची रीत पाहू. या बँका कंपन्यांची विलीनीकरणे घडवून आणतात, समभाग व कर्जरोखे बाजारात विकून देतात, आणि या कामासाठी दरवर्षी पदवीधरांची एक तुकडी घेतात. नव्या मुलाचे काम म्हणजे आकड्यांचे तक्ते मांडणे आणि ग्राहकाला दाखवावयाची सचित्र टिपणे रात्रभर जागून तयार करणे. तुकडीतील बहुतेक जागा आदल्या उन्हाळ्यात दहा आठवडे उमेदवारी केलेल्यांतूनच भरल्या जातात. पदवीच्या विद्यार्थ्यांना तर ही उमेदवारी मिळविण्यासाठी चार वर्षांच्या अभ्यासक्रमातील दुसऱ्याच वर्षी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या वर्षभर आधी, अर्ज करावे लागतात. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ऑगस्टमध्ये उतरलेल्या आपल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मधला उन्हाळा येतच नाही. तो ग्रंथालयाचे ओळखपत्र मिळवितो तोवर पुढील उन्हाळ्याच्या बऱ्याच जागा भरलेल्या असतात. हे वेळापत्रक तेथे वाढलेल्या मुलाला थोरल्या भावाकडून, शाळेतील मित्रांकडून, वडिलांच्या स्नेह्यांकडून आधीच कळलेले असते. परक्याला ते पैसे भरून झाल्यावर कळते.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पेडिग्री’ या ग्रंथात गुंतवणूक बँका, सल्लागार संस्था आणि बड्या वकिली पेढ्या यांच्या निवडपद्धतीचा आतून अभ्यास केला आहे. मोजक्या विद्यापीठांच्या बाहेर पाहावयाचेच नाही, हा पहिला नियम. त्यानंतर मुलाखतकार शोधतो तो आपल्यासारखा माणूस: आपले खेळ खेळलेला, आपल्यासारख्या सुट्ट्या घालविलेला, विमानतळावर रात्रभर अडकून पडल्यास सोबतीला बरा वाटेल असा. क्रिकेट आणि तबला यांचा या बाजारात विशेष भाव नाही. निवडीपूर्वी परिचय वाढविण्याची एक प्रथाही आहे. अनोळखी अधिकाऱ्यांना पत्रे लिहावयाची, कॉफीच्या पेल्यावर वीस मिनिटे मागावयाची आणि त्या वीस मिनिटांत नोकरीचा विषय न काढता नोकरी मागावयाची! आपल्याकडे याला वशिला म्हणतात आणि त्याची सर्वांना थोडी तरी लाज वाटते. तेथे त्याचे वर्ग भरतात.

या सर्व चाळण्यांतून पार पडलेल्या विद्यार्थ्यापुढे शेवटी सोडत उभी असते. शिक्षणानंतर त्याला १२ महिने काम करण्याची मुभा मिळते आणि त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा अधिक बेकार राहता येत नाही. पुढे राहावयाचे तर एच-१बी हा व्हिसा हवा. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार, अधिक अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २० हजार. २०२४ च्या वसंतातील सोडतीत ४ लाख ७० हजारांवर पात्र नोंदण्या झाल्या आणि १ लाख ३५ हजारांच्या सुमारास निवडल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क बसविण्याची घोषणा केली. देशातच राहून विद्यार्थी-व्हिसावरून बदल मागणाऱ्यांना हे शुल्क लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. मधल्या महिन्यात किती घरांची झोप उडाली असेल याची मोजदाद कोणत्याही खात्याकडे नाही.

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मात्र कामाची मुभा आणखी २४ महिने वाढवून मिळते, म्हणजे सोडतीत नशीब अजमावण्याची संधी एकाऐवजी तीनदा लाभते. याचा एक परिणाम अर्थशास्त्रावर झाला आहे. ज्याने हा विषय आयुष्यभर शिकविला त्या प्रस्तुत लेखकाला तो नमूद केल्यावाचून राहवत नाही. साधे ‘अर्थशास्त्र’ या वर्गात बसत नाही, परंतु ‘अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र’ बसते. साहजिकच अनेक नामांकित विद्यापीठांनी आपल्या अर्थशास्त्राच्या पदवीची नोंद त्या दुसऱ्या नावाखाली करून घेतली. एकोणिसाव्या शतकात या शास्त्राला राजकीय अर्थशास्त्र म्हणत. पुढे ‘राजकीय’ गळाले, आणि आता उरलेल्याचे नामांतर स्थलांतर-खात्याच्या एका सारणीनुसार होत आहे. विद्यार्थ्यांच्या हितासाठी विद्यापीठांनी हे केले असेल तर त्यांना दोष देता येत नाही. परंतु शास्त्राने कोणते प्रश्न विचारावेत हे व्हिसाच्या मुदतीवरून ठरू लागले, याची नोंद कोणी तरी घ्यावयास हवी.

डाव्या चळवळीला अडचणीचा वाटणारा एक प्रसंगही येथे टाळता येणार नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कोसळत्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. त्यानंतर फेब्रुवारी २००९ च्या अर्थ-पुनरुज्जीवन कायद्यात सिनेटर बर्नी सँडर्स आणि सिनेटर ग्रासली यांच्या पुढाकाराने एक कलम घालण्यात आले. सरकारी मदत घेणाऱ्या बँकांनी एच-१बीवर परदेशी माणूस नेमण्यापूर्वी अमेरिकन माणूस शोधल्याचे आणि कोणाही अमेरिकनाला विस्थापित न केल्याचे सिद्ध करावे, असे ते कलम. दोन वर्षे ते अंमलात राहिले. बँक ऑफ अमेरिकेने त्या वसंतात परदेशी एमबीए विद्यार्थ्यांना दिलेले देकार मागे घेतले.

सँडर्स स्वतःला समाजवादी म्हणवितात आणि त्यांच्या कामाविषयी आम्हांला आदर आहे. करदात्याच्या पैशावर तगलेल्या बँकेने त्याच्याच मुलाला डावलू नये, हा त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण त्या संकटास जबाबदार कोण होते? गृहकर्जांचे रोखे बांधून जगभर विकणारे संचालक होते. त्यांपैकी अनेकांचे बोनस शाबूत राहिले, आणि ज्याने अद्याप एकही रोखा विकला नव्हता त्या लिमा, लागोस किंवा पुणे येथील विद्यार्थ्याचे देकारपत्र रद्द झाले. कामगाराला कामगाराच्या शेजारी नव्हे तर समोर उभे करणारे धोरण समाजवाद्याच्या हातून झाले तरी ते समाजवादी ठरत नाही.

वित्तव्यवसायातील दाराची कथा महाराष्ट्राला नवी नाही. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर व रोख्यांबाबत सल्ला देणारी एक पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध त्यांनीच लिहिला. त्यांचे अमेरिकेतील शिक्षण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर झाले आणि मोबदल्यात संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार होता. करार कडक होता, परंतु त्यासाठी कोणाचे घर गहाण पडले नव्हते. जातीची दाहकता आणि पारपत्राची अडचण यांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. दारावर पाटी गुणवत्तेची आणि आत कसोटी जन्माची, ही व्यवस्था मात्र आपल्या ओळखीची आहे.

दार उघडले म्हणजे मुक्ती मिळाली असेही नाही. २०२१ च्या प्रारंभी गोल्डमन सॅक्समधील काही नवोदितांनी अंतर्गत पाहणी करून आठवड्याला सरासरी ९५ तास काम पडते असे दाखवून दिले. त्याच वर्षी तेथील प्रथम वर्षाचे मूळ वेतन १ लाख १० हजार डॉलर झाले. बोनस सोडल्यास हे तासाला जेमतेम २२ डॉलर होतात. ज्याचा व्हिसा मालकाच्या सहीवर अवलंबून आहे आणि नोकरी सुटल्यास ज्याला साधारणतः ६० दिवसांत देश सोडावा लागतो, तो शहाण्णवाव्या तासाला नकार कसा देणार? २०१३ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधील एका बँकेत उमेदवारी करणारा २१ वर्षांचा जर्मन विद्यार्थी राहत्या जागी मृत आढळला. मृत्यू अपस्माराने झाला, असा निष्कर्ष निघाला. अतिश्रमाने झटका आला असण्याची शक्यता चौकशीत नाकारली गेली नाही, सिद्धही झाली नाही.

जो सोडतीत हरतो त्याला मोठ्या बँका कित्येकदा लंडन, टोरोंटो किंवा सिंगापूरला हलवितात. त्याच बँका मुंबईत आणि बंगळुरात हजारो तरुणांकडून तेच तक्ते, तीच टिपणे न्यूयॉर्कच्या तुलनेत अल्प वेतनात करवून घेतात. गोल्डमनचे बंगळुरातील कार्यालय २००४ पासून आहे. तक्ता एका क्षणात समुद्र ओलांडतो, भांडवलाला तर सीमा ठाऊकच नाही. अडविले जाते ते फक्त तक्ता मांडणाऱ्याला.

अमेरिकेचे व्हिसा-धोरण मुंबईहून बदलता येणार नाही. आपल्या हाती आहे ते मात्र थोडे नाही. काही व्यवस्थापन विद्यालये आपल्या नोकरी-अहवालांत कायम परवानाधारक आणि परदेशी यांचे आकडे वेगवेगळे देतात. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रम सर्वांची एकच गोंडस सरासरी छापतात. जे विद्यापीठ वेगळे आकडे देत नाही त्याच्या नावे सरकारी बँकेने कर्ज मंजूर करताना ती गोष्ट अर्जदाराला आणि त्याच्या पालकांना लेखी कळवावी. दुसरे म्हणजे, हप्ता घराच्या किमतीशी नव्हे तर प्रत्यक्ष मिळकतीशी बांधला जावा. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून देशांतर्गत उच्च शिक्षणासाठी अशी पद्धत ठेवली आहे आणि परदेशात कमावणाऱ्यांनाही २०१७ पासून तीत आणले आहे. परदेशी गेलेला कर्जदार उत्पन्न लपवील, हा आक्षेप आपले बँक-अधिकारी घेतील. तो खोटा नाही. परंतु लाखो डॉलरची उलाढाल करणाऱ्यांच्या थकबाकीबाबत ज्या बँका इतका समजूतदारपणा दाखवितात, त्यांनी एका शिक्षकाच्या राहत्या घराबाबत तो दाखविण्यास हरकत नसावी. संसदेतील आमच्या सहकाऱ्यांनी येत्या अधिवेशनात अर्थमंत्र्यांना प्रथम एवढेच विचारावे की, परदेशी शिक्षणाच्या कर्जांपोटी सरकारी बँकांकडे आज किती राहती घरे तारण आहेत.