पहिला घाणा

दिवाळीच्या तोंडावर मीरा रोडच्या आमच्या बिऱ्हाडात दोन परीक्षा चालतात. सौभाग्यवती चकलीचा पहिला घाणा तळून पाहतात. मी संगणकावर आलेले नवे कार्यक्रम चालवून पाहतो. माझी लिनक्स ‘टंबलवीड’ वाणाची. तिला ठरावीक आवृत्ती नाही. चाचणीत उतरेल तसे नवे येत राहते. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर डेस्कटॉपचा सारा थाट मांडणारे ‘प्लाझ्मा ६’ निघाले, तेही असेच थोड्या दिवसांत घरी पोचले.

परवा मात्र सौभाग्यवतींनी भावाला लिहिले, ‘पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ये’, आणि एका नव्या कार्यक्रमाने त्यातला ‘ऱ्या’ पार मोडून टाकला. बदलापूर्वीची स्थिती ही लिनक्स जपून ठेवते. संगणक पुन्हा सुरू करताना ती निवडली, अक्षर सुधारले. मग मी तक्रार लिहायला बसलो.

“अहो, झालं ना नीट? आता कोणाला लिहिता?”

“अगं, कार्यक्रम रचणारे देशोदेशीचे. ‘ऱ्या’ कसा दिसावा, हे त्यांना काय ठाऊक? मराठी माणसानं सांगितलं नाही, तर मोडका ‘ऱ्या’च घरोघर जाईल.”

“म्हणजे मीठ कमी असेल तर पहिल्याच घाण्याला बोलायचं, असंच ना?”

अगदी बरोबर! पण वाचकहो, चकली मऊ पडली आहे, हे बोलण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.