शेल्टर घ्या, पण गुडघे पाहून

मुलगा ओक्लाहोमात किंवा डॅलसकडे घर घेतो, आई-बाबांना हौसेने बोलावतो आणि तेही इथला उन्हाळा चुकवायला नेमके एप्रिल ते जूनमध्येच जातात. तिकडे मात्र हाच काळ टोर्नेडोचा! आपल्या किनाऱ्यावरचं चक्रीवादळ दोन-तीन दिवस आधी वर्दी देतं. टोर्नेडो म्हणजे महाकाय वावटळ. इशारा मिळाल्यापासून हाती सरासरी दहा-पंधरा मिनिटं. कधी तीही नाहीत.

ओक्लाहोमा सिटीलगतच्या मूर शहराने 1999 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये, दोन्ही वेळा मे महिन्यात, हे भोगलं. 2013 साली 24 जीव गेले. तिथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची, तळघर क्वचितच. म्हणून घरात वेगळं शेल्टर बसवून घेतात.

गॅरेजच्या फरशीतला प्रकार लोकप्रिय आहे. फरशी कापून खड्डा करायचा, त्यात पोलादी पेटी, वर सरकतं झाकण. गाडी वर उभी राहते, जागा अडत नाही. तरुण जोडप्याला हे पटकन पसंत पडतं. पण रात्रीची वेळ, वीज गेलेली आणि त्या उभ्या, अरुंद पायऱ्या उतरायच्या आहेत संधिवाताच्या आजींना, हे चित्र विकत घेताना कुणाच्या डोळ्यांसमोर नसतं. काही नमुन्यांत तर गाडीखाली वाकून उतरावं लागतं.

घरात वडीलधारी येणार असतील तर जमिनीवरची पोलादी किंवा काँक्रीटची खोलीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘जमिनीवरची ती कच्ची’ ही समजूत चुकीची आहे. लबकच्या टेक्सास टेक विद्यापीठात अशा शेल्टरच्या भिंतींवर आणि दारांवर 15 पौंडांचा लाकडी वासा ताशी 100 मैल वेगाने तोफेतून मारून पाहतात. टोर्नेडोत माणसं दगावतात ती प्रामुख्याने अशा उडत्या वस्तूंनीच.

विक्रेता ‘फेमाची मान्यता आहे’ म्हणाला तर सावध व्हा. फेमा ही तिथली सरकारी आपत्ती-व्यवस्थापन संस्था मार्गदर्शन करते, कुठल्याही मालाला मान्यता देत नाही. ‘आयसीसी 500’ या मानकानुसार चाचणी झाल्याचा अहवाल मागा, आणि तो दारासकट झालेल्या चाचणीचा हवा. खोली कितीही भक्कम असली तरी ती फरशीला बोल्टांनी जखडलेली नसेल तर उपयोग शून्य. टेक्सासात अनेक घरांच्या फरशीत ताणलेल्या पोलादी केबल असतात; त्या कुठून गेल्यात हे पाहिल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नये. केबल तुटली तर जिवावर बेतू शकतं.

जागा माणशी किमान 3 चौरस फूट धरतात. आजोबांना खुर्ची लागत असेल तर अर्थातच जास्त. शेल्टर कुठे आहे याची नोंद अग्निशमन दलाकडे किंवा नगरपालिकेकडे होत असेल तर जरूर करावी. ढिगाऱ्याखालून शोधणाऱ्यांना ती कामी येते.

आत पाणी, टॉर्च, शिट्टी, जाड तळव्यांचे बूट ठेवावेत. गोळ्यांची पिशवी आणि पासपोर्ट मात्र आजींच्या उशाशीच असू द्यावेत. ओक्लाहोमा सिटीत एरवी शनिवारी दुपारी बारा वाजता भोंग्यांची चाचणी होते. त्या आवाजाने नव्या पाहुण्यांची घाबरगुंडी उडते खरी. पण पहिल्याच शनिवारी तो वाजला की घड्याळ लावून सगळ्यांनी एकदा आत जाऊन बसावं, आजींनीसुद्धा.