सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२मध्ये गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद, मुलांनी दप्तर उघडायचं. करोनाकाळात अभ्यासासाठी हाती आलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, त्यातून हा तोडगा निघाला. मुलांचाच निग्रह कमी पडतो, हे म्हणणं अर्धवट आहे. बोटाने सरकवत राहावं आणि शेवट येऊच नये, अशीच रील्सची रचना असते. तिच्यापुढे पंधरा वर्षांच्या एकट्या पोराचा काय निभाव लागणार? सक्तीने सवय सुटत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण नियम मोठ्यांनाही लागू असला, तर मुलांना त्याचा जाच वाटत नाही. शहरांतल्या सोसायट्यांनी हा दीड तास पाळून पाहावा. सुरुवात आईबापांच्या फोनपासून करावी.