किलोमागे एक ग्रॅम

बँकेत असताना एका कर्जप्रस्तावातली एक ओळ मी लाल शाईनं खोडली होती. १९९३ साल असावं. धातूच्या भुकटीपासून छोटे बुश बनवणारा एक तरुण भट्टीसोबत वायू कोरडा करणारं यंत्र आणि लहानशी प्रयोगशाळा मागत होता. 'अनुत्पादक खर्च' असा शेरा मारून मी भट्टी तेवढी मंजूर केली. दोन वर्षांत माल परत येऊ लागला, खातं थकलं. भट्टीत दमट वायू जात होता, भुकटीवर ऑक्साइड चढत होतं आणि बुश ठिसूळ निघत होते. "साहेब, ती ओळ..." एवढंच तो बोलला.

निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी अणुइंधनाविषयी वाचू लागलो, तर तिथेही तोच ऑक्सिजन भेटला.

आजच्या बहुतेक अणुभट्ट्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या असतात. त्याऐवजी युरेनियम नायट्राइड वापरलं, तर तेवढ्याच जागेत सुमारे ४० टक्के जास्त युरेनियम मावतं. शिवाय ते उष्णता कितीतरी पटींनी लवकर बाहेर सोडतं, म्हणजे गोळीचा गाभा कमी तापतो. मग अडतं कुठे?

हे इंधन बनवायची एक नेहमीची रीत अशी: ऑक्साइड आणि कार्बनची भुकटी एकत्र करून नायट्रोजनमध्ये तापवायची. कार्बन ऑक्सिजनला घेऊन वायुरूपात निघून जातो. कार्बन कमी पडला तर ऑक्सिजन मागे उरतो, जास्त झाला तर कार्बनच उरतो. नावे-जमेचा हा मेळ बसला तरी सुटका नाही. बारीक भुकटीला हवा लागली की ती ऑक्सिजन ओढून घेते, प्रसंगी आपोआप पेटते. म्हणून हे काम आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत, हातमोज्यांतून चालतं.

थोडा ऑक्सिजन नायट्राइडमध्ये विरघळून जातो. बाकीचा ऑक्साइडचे वेगळे कण करून बसतो, आणि हे कण उष्णता नीट वाहू देत नाहीत. मी जुन्या सवयीनं हिशेब मांडला. किलोमागे एक ग्रॅम ऑक्सिजन, आणि तो सगळा ऑक्साइड झाला, तर त्याचे साडेआठ ग्रॅमच्या आसपास होतात. व्याज जबरच म्हणायचं!

रशियात सेव्हेर्स्क इथे शिशानं थंड होणारी, नायट्राइड इंधनाची भट्टी २०२१मध्ये बांधायला घेतली. आपल्यालाही हे काम अगदी परकं नाही. कल्पाक्कमच्या १९८५मध्ये सुरू झालेल्या छोट्या ब्रीडर भट्टीसाठी कार्बाइड इंधन तुर्भ्याला बनलं, आणि कार्बाइडलाही हवेचं, ओलाव्याचं तेवढंच वावडं.

फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. माझी भीती मेगावॉटची नाही, लाल शाईची आहे. घाई झाली की पहिली कात्री तपासणीवर चालते. ती चालवणाऱ्यांत मी होतो. शेवटचा कण काढायचा हट्ट मी धरत नाही. किती ऑक्सिजन चालतो, ते मोजूनच ठरेल. पण मोजायलाच पैसे लागतात. तेव्हा शुद्धतेच्या तपासणीचा खर्च प्रकल्पात वेगळा दाखवावा. आणि कुणी तो खोडलाच, तर कारण लिहून शेजारी सही करावी. माझ्या त्या ओळीपुढे फक्त दोन शब्दांचा शेरा होता, कारण कुणी मागितलं नव्हतं.