मजूर हाकलले की स्थानिकांची मजुरी वाढते का? अमेरिकेने हे एकदा करून पाहिलंय

'बाहेरची माणसं येतात, कमी पैशांत राबतात आणि आपल्या लोकांच्या पोटावर पाय आणतात.' हा युक्तिवाद महाराष्ट्राला नवा नाही. सध्या तो अमेरिकेत जोरात आहे. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा काउंटीत इमिग्रेशन अधिकारी थेट शेतांवर धडकले आणि धास्तीने कित्येक मजुरांनी कामावर येणंच बंद केलं. अमेरिकेत पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्के लोकांकडे कायदेशीर कागद नाहीत. ते गेले की मालकांना स्थानिकांना जास्त पैसे द्यावेच लागतील, असं कारवाईचे समर्थक सांगतात.

ऐकायला पटतं. पण हा प्रयोग आधी झालाय.

काय होती 'ब्रासेरो' योजना?

दुसऱ्या महायुद्धात शेतात माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून हंगामी मजूर आणायला सुरुवात केली. युद्ध संपलं, योजना मात्र १९६४ पर्यंत चालली. ती बंद करण्यामागचं एक मोठं कारण हेच होतं की, देशातल्या शेतमजुरांची मजुरी वाढावी.

वाढली का? मायकेल क्लेमन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल या अर्थतज्ज्ञांनी जुन्या सरकारी नोंदी काढून राज्याराज्यांची तुलना केली. २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, जिथून भरपूर ब्रासेरो गेले तिथली मजुरी, जिथे ते नव्हतेच त्या राज्यांपेक्षा वेगाने वाढली नाही.

कारण शेतकऱ्यांनी माणसांऐवजी यंत्रं आणली. टोमॅटो तोडणारं यंत्र आणि त्यात न फुटणारा कडक टोमॅटो, दोन्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांकडे तयार होते. काही वर्षांतच सॉस-प्युरीसाठीचा कॅलिफोर्नियातला जवळपास सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. स्ट्रॉबेरी, ॲस्परॅगस यांच्यासाठी असं यंत्र नव्हतं, तिथे उत्पादनच घटलं.

मग झळ कुणालाच बसत नाही?

बसते. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजचा २०१६ चा अहवाल सांगतो की, एकूण मजुरीवरचा परिणाम किरकोळ असला तरी तो पडतो आधी आलेल्या स्थलांतरितांवर आणि शाळा अर्धवट सोडलेल्यांवर. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांच्यावर. मुलांच्या शिक्षणाचा खर्चही राज्यं आणि स्थानिक संस्थांवर येतो. हीच मुलं मोठी होऊन भरपूर कर भरतात, पण तोवर शाळेचं बजेट कुणीतरी सोसायचं असतं. हे नाकारून चर्चा पुढे जात नाही.

आणि ब्रासेरो योजना काही मजुरांचं भलं करणारी नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या पगारातून १० टक्के 'बचत' म्हणून कापले जायचे. अनेकांना ते पैसे कधीच मिळाले नाहीत.

योजना बंद झाल्यावर वर्षभरातच, सप्टेंबर १९६५ मध्ये, डेलानोच्या द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. मेक्सिकन मजूरही त्यात उतरले. पाच वर्षं संप आणि द्राक्षांवर देशभर बहिष्कार झाल्यावर, १९७० मध्ये मळेमालकांनी संघटनेशी वाढीव मजुरीचे करार केले.