नकाशाचा फोटो आणि ५०० मिलिमीटरची फट

गतवर्षी माझ्या पुतण्याने आपल्या कापड दुकानाचे नूतनीकरण काढले. आराखडा एका तरुण वास्तुविशारदाने ऑटोकॅडवर तयार केला होता. त्याने पाठविलेली मूळ फाईल पुतण्याच्या मोबाइलवर उघडेना. ‘‘नुसता फोटो पाठवा,’’ असे पुतण्याने कळविले. तिकडून संगणकाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट आला, तोच व्हॉट्सॲपवरून फर्निचरच्या मिस्त्रींकडे गेला आणि मिस्त्रींनी २८५० ऐवजी २३५० मिलिमीटर वाचून रॅक तयार केले. इंग्रजी आकड्यांतील आठ आणि तीन पुसट झाले की सख्ख्या भावांसारखे दिसतात! रॅक बसविताना भिंतीपाशी ५०० मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ २० इंचांची फट उरली. मुहूर्त आठ दिवसांवर आलेला. पुतण्या विचारू लागला, ‘‘काका, भुर्दंड कोणी सोसायचा?’’

आमच्या नोकरीच्या काळात कर्जप्रकरणांसोबत अमोनिया प्रिंट येत. उग्र वासाचे ते कागद घड्या घालून फाईलमध्ये बसविताना शिपाई वैतागत असे. पण तो कागद दहा हातांतून फिरला तरी त्यावरील आकडा बदलत नसे. आज नकाशा क्षणात पोहोचतो, मात्र प्रत्येक हातात तो थोडा थोडा झिजतो. ही झीज नेमकी कोठे होते, हे त्या प्रकरणानंतर मी मुद्दाम वास्तुविशारदाशेजारी बसून समजून घेतले.

ऑटोकॅडच्या मूळ फाईलमध्ये रेषा मापाच्या स्वरूपात असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, अमुक लांबीची. चित्राच्या फाईलमध्ये रेषा नसतेच, केवळ ठिपके असतात. म्हणून चित्र काढताना ठिपके किती, हा पहिला प्रश्न. ए-३ कागदाची रुंदी ४२० मिलिमीटर. त्यावर २.५ मिलिमीटर उंचीचा आकडा लिहिला आणि सबंध नकाशा १६०० ठिपके रुंदीच्या चित्रात बसविला, तर त्या आकड्याच्या वाट्याला उंचीत जेमतेम दहा ठिपके येतात. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने तोच कागद ४९६१ गुणिले ३५०८ ठिपक्यांचा होतो आणि आकड्याला सुमारे तीस ठिपके मिळतात. दहा ठिपक्यांत आठ आणि तीन यांतील भेद जेमतेम तगतो. पुढे चित्र आणखी आकुंचित झाले की तोही जातो.

दुसरा प्रश्न फाईलच्या प्रकाराचा. जेपीईजी हा प्रकार मुळात छायाचित्रांसाठी आहे. तो चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि बारीक तपशील गाळून फाईल लहान करतो. चेहऱ्याच्या फोटोत ते जाणवत नाही; पांढऱ्या कागदावरील बारीक काळ्या रेषेभोवती मात्र करडी धूळ उडाल्यासारखी दिसते. पीएनजी प्रकारात एकही ठिपका गळत नाही, आणि नकाशात कोरी जागाच अधिक असल्याने फाईल फार फुगतही नाही. चित्रच हवे असेल तर पीएनजी मागावे. माझे मत विचाराल तर पीडीएफ अधिक बरी, कारण तीत रेषा रेषेच्याच स्वरूपात राहते. कितीही मोठी करून पाहा, कडा फाटत नाही.

स्क्रीनशॉट तेवढा कधीही स्वीकारू नये. ऑटोकॅडच्या पडद्याची पार्श्वभूमी बहुधा काळी असते, रेषा पिवळ्या नि आकाशी. त्या काळ्या चौकटीची छपाई काढली तर शाई संपते, आकडे वाचता येत नाहीत ते वेगळेच. त्याऐवजी ‘प्लॉट’ ही आज्ञा देऊन, रंगांच्या यादीत ‘मोनोक्रोम’ निवडून पीडीएफ किंवा पीएनजी काढली की सर्व रेषा काळ्या आणि कागद पांढरा होतो. ड्राफ्ट्समनला हे दोन मिनिटांचे काम आहे. आपण मागत नाही म्हणून तो करीत नाही. व्हॉट्सॲपवर ती फाईल फोटो म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठविल्यास ॲप तिला पुन्हा दाबते आणि सारे श्रम वाया जातात.

व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट सांभाळावी. ऑटोकॅडमध्ये भिंती, वीज, फर्निचर हे सारे निरनिराळ्या थरांवर काढलेले असते. पुतण्याच्या नकाशात तिजोरीची जागा आणि कॅमेऱ्यांच्या जागाही स्पष्ट लिहिल्या होत्या, आणि तोच नकाशा रंगारी, सुतार, पाट्या करणारा अशा सर्वांच्या ग्रुपवर पडून होता! मिस्त्रींना द्यावयाच्या प्रतीतून ते थर बंद करूनच फाईल काढावी. बँकेत चाळीस वर्षे किल्ल्या सांभाळलेल्या माणसाला हे पाहून झोप येईना.

आणि चित्रावर पट्टी ठेवून माप कधीच घेऊ नये. छापताना यंत्र नकाशा कागदात बसविण्यासाठी लहान-मोठा करते. मग एकास पन्नास लिहिलेले असले तरी ते प्रमाण उरत नाही. लिहिलेला आकडाच खरा धरावा, तोही कोपऱ्यातील तारीख पाहून.

भुर्दंडाचा निवाडा मी केला. फोटो मागणारा पुतण्या, स्क्रीनशॉट देणारा वास्तुविशारद आणि शंका असूनही न विचारणारे मिस्त्री, तिघांनी समान वाटा उचलला. त्या २० इंचांत आता आरसा बसविला आहे. गिऱ्हाइके तेथेच साडी खांद्यावर टाकून पाहतात.