मार्चची माती, मृगाचे गवत

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बागेसाठी किंवा मुलांच्या क्रीडांगणासाठी तरतूद झाली की तिचा शेवट कसा होतो, हे वऱ्हाडातील गावांना नवे नाही. फेब्रुवारीपर्यंत कागद हलतात, मार्चमध्ये माती हलते, एप्रिलमध्ये फीत कापली जाते आणि पोळ्यापर्यंत त्या जागेवर तरोटा आणि गाजर गवत कमरेएवढे वाढलेले असते. सायकलींसाठी मातीचे चढउतार रचून केलेला 'पंप ट्रॅक' हा खेळाचा एक नवा प्रकार आता लहान गावांच्याही कानावर येऊ लागला आहे. परतवाड्यासारख्या ठिकाणी तो करण्याचे कोणी मनावर घेतले, तर त्याचे भवितव्य सायकलींपेक्षा त्याच्या उतारांवर कोणते गवत लावले, ते केव्हा लावले आणि त्याकडे पुढे कोणी पाहिले, यांवर ठरेल.

नावात पंप असला तरी चाकात हवा भरण्याशी या प्रकाराचा संबंध नाही. एकामागून एक येणारे गोलसर उंचवटे आणि आतल्या बाजूस कललेली वळणे यांचा तो एक बंदिस्त फेरा असतो. उंचवटा चढताना हातपाय सैल सोडायचे आणि उतरताना अंगाचा भार खाली दाबायचा. या वरखाली हालचालीच्या जोरावर, पायडल न मारता, सायकल पुढे धावत राहते. चारपाच गुंठे जागेतही तो बसतो. डोंगरी सायकलींच्या शर्यती १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये आणि बीएमएक्स शर्यती २००८ साली बीजिंगमध्ये आल्या; त्या खेळांना लागणारा तोल आणि वळणावरचा ताबा अशा मार्गावर लहानपणीच अंगी येतो. पण ऑलिंपिकपर्यंत जाण्याचीही गरज नाही. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, दांडीखालून पाय घालत कैची मारणारी पिढी गावाच्या मोकळ्या मैदानावर पडत-धडपडत शिकली. आज राज्यातील मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मात्र त्या चालवायच्या असतात मालमोटारींच्या शेजारून. सायकल मिळाली, ती शिकण्याची जागा मात्र राहिली नाही, ही स्थिती आहे. आणि जागा खरोखरच नाहीत असेही नव्हे. मोठ्या ले-आउटला मंजुरी देताना दहा टक्के जमीन मोकळी सोडण्याचा नियम आहे. त्या तुकड्यांवर आज काय उगवते, ते वर आलेच आहे.

प्रश्न मातीचा आहे. परतवाडा गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसले आहे. उत्तरेला दगडगोट्यांची आणि मुरमाड जमीन, तर दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी कपाशीची जमीन. ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. अशा मातीचा उंचवटा मार्चमध्ये कितीही चोपून गुळगुळीत केला तरी मे महिन्यात तो तडकतो, आणि जूनचे पाणी पहिल्यांदा शिरते ते त्या भेगांतूनच. महाराष्ट्राने हा धडा एकदा घेतलेला आहे. समपातळीवर घातलेले मातीचे बांध खोल काळ्या जमिनीत टिकत नाहीत. मागे पाणी तुंबते, बांधाला भेगा पडतात आणि तो फुटतो. म्हणून अशा जमिनीत पाण्याला हळूहळू वाट करून देणारे ढाळीचे बांध घालावेत, असे मृदसंधारणाचे शास्त्र सांगते. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामांवर किती घनमीटर माती खोदली याचा हिशेब काटेकोरपणे ठेवला गेला. त्या मातीवर गवत किती टिकले, याचा हिशेब ठेवण्यासाठी हजेरीपटात रकाना नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, चाके जेथून धावणार तो पट्टा काळ्या मातीचा असू नये. आतला भराव कशाचाही असो, वरचा थर चाळलेल्या मुरमाचा, पाणी मारून चोपलेला हवा. तो उघडाच राहणार. त्यावर गवत उगवू द्यायचे नसते. दोन उंचवट्यांच्या मधल्या खळग्यात पाणी साचते, ते बाहेर काढणारी चर किंवा नळी आरंभीच ठेवावी लागते. गवत हवे ते पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर, वळणांच्या पाठीवर आणि मधल्या रिकाम्या जागेत. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला की मातीचे कण उडतात आणि वाहत्या पाण्याबरोबर खाली जातात. पाने तो आघात झेलतात आणि मुळे कणांना धरून ठेवतात. उताराची माती निसटली की कडा ढासळते, आणि कडा ढासळली की वरचा महागडा मुरूमही खाली येतो.

कोणते गवत, या प्रश्नाला कार्यालयांतून बहुधा एकच उत्तर मिळते: रोपवाटिकेतून चौकोनी तुकड्यांनी आणलेली गालिचासारखी हिरवळ. उद्घाटनाच्या दिवशी ती शोभते. परंतु जेथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकतो आणि नळाच्या पाण्यासाठी माणसेच ताटकळत असतात, तेथे टँकरने हिरवळ जगवणे हा नुसता अपव्यय नव्हे, औचित्यभंगही आहे. वास्तविक या कामाला सर्वांत योग्य गवत प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर फुकट आहे. ते म्हणजे हरळी, गणपतीला वाहतात ती दूर्वा. कपाशीच्या शेतात शिरलेली हरळी खणून काढण्यासाठी शेतकरी मजुरी मोजतो, कारण तिच्या कांड्याचा तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते. जो गुण शेतात तिला शत्रू ठरवतो, तोच उतारावर तिला मोलाची बनवतो. वस्तूचे मूल्य तिच्या जागेवर ठरते, हे अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवताना याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. शेतकऱ्याने धुऱ्यावर फेकलेल्या काशा गोळा करून वीतभर अंतराने लावल्या तर खर्च होतो तो जवळजवळ मजुरीपुरताच. मात्र जमिनीलगत पसरणारी ही हरळी मुरमाच्या पट्ट्यातही घुसते, तेव्हा कडेने तिला वेळोवेळी छाटणे आले.

मधल्या सपाट जागेसाठी मारवेल चांगले. ते कापून जनावरांना घालता येते, म्हणजे देखभालीच्या खर्चाला थोडा हातभार लागतो. मुरमाड, निकस भागात स्टायलो हे द्विदल चारापीक तग धरते आणि जमिनीत नत्रही आणते. बाहेरच्या, उंच व तीव्र उतारांच्या पायथ्याशी वाळ्याची एक ओळ पुरे. कर्नाटकातील गुंडलुपेट भागाचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या शेतांच्या हद्दीवर वाळा लावत आले. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी त्याची महती जगाला सांगितली. तो खोल मुळांनी माती धरतो, पण पुरुषभर वाढतो; आतल्या बाजूस लावला तर समोरून येणारा सायकलस्वार दिसायचा नाही. काय लावू नये, याचाही विचार हवा. कुसळी गवताची कुसळे कपड्यांत आणि कातडीत रुततात. घायपात, बोगनवेल, घाणेरी ही नगरपालिकांची आवडती कुंपणे. जेथे मूल पडणार हे गृहीतच आहे, तेथे काटे लावण्यात काय शहाणपण? सावलीला कडुनिंब जरूर असावा, पण पट्ट्यापासून दूर, कारण घट्ट मुरमावर पडलेल्या निंबोळ्यांवरून चाक घसरते. परतवाड्यात आरागिरण्यांमुळे लाकडाचा भुसा सहज मिळतो, म्हणून तो उतारांवर अंथरण्याचा मोह होईल. ताजा भुसा कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो आणि कोवळे गवत पिवळे पडते. त्यापेक्षा बाजार समितीतून निघणारी जुनी गोणपाटे उसवून, खुंट्यांनी उतारावर ताणून बसवावीत आणि त्यांत भोके पाडून हरळी लावावी. गवत रुजेपर्यंत गोणपाट माती धरते आणि नंतर आपोआप कुजून जाते.

पण हे सारे बरोबर करूनही काम फसू शकते, आणि ते फसते दिनदर्शिकेमुळे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. गवताचे वर्ष मृगात सुरू होते. निधी परत जाऊ नये म्हणून माती मार्चमध्ये रचली जाते, हिरवळ एप्रिलमध्ये लावली जाते आणि मे महिन्यात जळते. मग वळवाच्या एका सरीत उघडा उतार वाहून जातो. दिवाळीच्या सुमारास, जमिनीत ओल असताना उंचवटे रचून चोपावेत, मुरमाचा थर फेब्रुवारीपर्यंत पुरा करावा, वळवाच्या आधी गोणपाट ताणावे आणि मृगाचा पाऊस पडताच हरळी लावावी, हा क्रम कोणताही शेतकरी सांगेल. त्यासाठी एकच तरतूद दोन आर्थिक वर्षांत विभागावी लागते. हे अशक्य नाही. फक्त तसे करण्याची सवय नाही.

दुसरी अडचण नजरेची. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, कधी पार करपल्यासारखी दिसते. ती मेलेली नसते. जमिनीखालच्या कांड्या पहिल्या पावसाची वाट पाहत असतात. पण पाहणीला आलेल्या माणसाला पिवळे गवत दिसले की तो 'दुर्लक्ष' असा शेरा मारतो, आणि त्या शेऱ्यावर उपाय म्हणून पुन्हा गालिचा येतो, नाहीतर प्लॅस्टिकचे गवत. प्लॅस्टिक वैशाखात इतके तापते की त्यावर उघडा पाय ठेवणे कठीण. वर्षातले चारपाच महिने पिवळे दिसणारे मैदान हेच वऱ्हाडातले निरोगी मैदान होय, एवढे मान्य केले तरी बराच पैसा वाचेल.

देखभालीची परंपरा या जिल्ह्याला परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. गावोगावच्या आखाड्यांत लाल माती एकदा टाकून कोणी थांबले नाही. ती रोज उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद मुरवायची. आणि हे काम पैलवानांनीच करायचे. पावसाने झिजलेला उंचवटा फावड्याने नीट करणे, कडेची हरळी छाटणे, गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटणे, हे काम शाळेची मुले महिन्यातून एका रविवारी करू शकतील. मात्र गाजर गवताने अंगाला खाज सुटते, म्हणून त्यांना हातमोजे दिले पाहिजेत. तज्ज्ञ सल्ला दूर नाही, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून याच मातीचा अभ्यास करीत आहे.

राहता राहिला पैसा. इमारतीच्या वा रस्त्याच्या कामात कंत्राटदाराची काही रक्कम अनामत म्हणून राखून ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीत दोष न आढळल्यास परत करतात. मातीच्या कामाला हाच नियम लावताना मुदत महिन्यांत न मोजता पावसाळ्यांत मोजावी. पहिली पाहणी पोळ्याला, दुसरी दसऱ्याला. उतारांवर हरळी धरली असेल तर रक्कम मोकळी करावी, नसेल तर त्याच रकमेतून पुढच्या मृगात ती पुन्हा लावून घ्यावी. हे कलम निविदेतच लिहिले पाहिजे, आणि निविदा काढण्याची वेळ मार्च नसून सप्टेंबर आहे.